वेळ संपली, धन्यवाद

ऑड्री लिंडक्विस्टला आजवर पुष्कळांनी हाकललं होतं, पण इतक्या गोड आवाजात कोणी हाकललं नव्हतं.

"मॅडम, ही गाडी तुमची नाही," दार उघडून तो म्हणाला. बाहेर मार्चमधला बर्फाळ पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या भुवयांवर थेंब अडकले होते. "ही कर्मचाऱ्यांची. वार्ताहरांची ती मागची."

"मागचीत हीटर चालत नाही."

"ठाऊक आहे मला. तरी तीच तुमची."

ती उतरली आणि तिचा बूट चिखलात रुतला. त्याने हात पुढे केला. तिने तो नीट पाहून घेतला, आणि दाराची कडी धरून स्वतःची स्वतः बाहेर आली.

वार्ताहर म्हणून व्हाइट हाउसमधला तिचा तो पहिलाच दिवस. अध्यक्षांच्या खोलीत सगळे वार्ताहर मावत नाहीत, म्हणून थोडेच जण पाळीपाळीने आत जातात आणि जे दिसलं ते लिहून बाकीच्यांना पाठवतात. त्यांना आत नेणं आणि वेळेवर बाहेर काढणं हे गाडीचं दार उघडणाऱ्या त्या कॅलेब प्रुइटचं काम. टेनेसीचा उंच, हडकुळा पोरगा, पण आवाज दोन शेतं ओलांडून जाईल असा. आत पाहुणे यायचे, कौतुकाची दोन वाक्यं व्हायची, कॅमेरे लखलखायचे. मग कोणी अडचणीचं विचारायला तोंड उघडलं रे उघडलं, की हा हात पसरून, कोंबड्या खुराड्यात घालाव्यात तसा सगळ्यांना दाराकडे वळवायचा. "वेळ संपली, धन्यवाद. चला, धन्यवाद."

त्या दिवशी ऑड्रीचा प्रश्न असाच अर्ध्यावर तुटला. संध्याकाळी रिपोर्टात तिने लिहिलं, 'अध्यक्षांचा टाय निळा. पाहुण्यांचा हिरवा. आम्हाला हाकलणाऱ्याचा टाय तिरका, आवाज मात्र सरळसोट.'

हे रिपोर्ट शेकडो लोक वाचतात. पण सगळ्यांत आधी वाचतो कॅलेब, कारण ते पुढे पाठवायचे त्यानेच. तिच्या पुढच्या खेपेला तो टाय अगदी ओळंब्यात होता.

"पाहिलंत?" दारात तो हळूच म्हणाला.

"काय?"

"काही नाही. आत चला."

तिने लिहिलं, 'टायची प्रकृती सुधारते आहे.' मग त्याने लाल टाय घातला. मग एकदा चक्क ठिपक्यांचा. बाकीचे वार्ताहर रिपोर्ट उघडून आधी टायची ओळ शोधू लागले आणि एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. 'मॅडम' कधी गळून पडलं आणि 'तू' कधी आलं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दर खेपेला तो तिला बाहेर काढत होता, आणि दर खेपेला दारात तिच्यासाठी क्षणभर जास्त थांबत होता.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी अध्यक्ष वेस्टब्रुक बायकोला घेऊन जेवायला गेले आणि वार्ताहर नेहमीप्रमाणे बाहेर गाडीत बसून राहिले. छपरावर पाऊस टपटपत होता. मागचे सगळे पेंगले होते. पुढच्या सीटवरचा कॅलेब उठून ऑड्रीशेजारी येऊन बसला.

"शेंगदाणे?"

"नको. ज्यांच्याविषयी लिहिते त्यांचं मी खात नाही."

"माझ्या फक्त टायविषयी लिहितेस."

"तेवढ्यानेही चव बदलते."

तो हसला. एकेक दाणा सोलत राहिला, मग म्हणाला, "तुझा प्रश्न काय असतो गं? दरवेळी मी तो अर्ध्यावर तोडतो, त्यामुळे पुढचा अर्धा मला अजून माहीतच नाही."

तिने खिडकीवरची वाफ बोटाने पुसली. "आमच्या मिनेसोटात खाणकामगारांचं एक इस्पितळ आहे. निवडणुकीत तुझे साहेब त्याच्या पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले होते, हे मी बंद पडू देणार नाही. येत्या हिवाळ्यात ते बंद होतंय. बाबांच्या फुप्फुसात खाणीची धूळ आहे, ते तिथेच असतात. नाकात नळी घालून रोज टीव्हीसमोर बसतात, पोरगी आज तरी विचारेल म्हणून. आणि रोज..."

"रोज त्यांना माझा आवाज ऐकू येतो."

"हो."

त्याने शेंगदाण्यांची पुडी मिटली. सीटवर त्याचा हात तिच्या हाताला टेकला होता. तिने तो काढून घेतला नाही, आणि ते दोघांनाही समजलं.

"ऑड्री, मला तू—"

"नको बोलूस." ती म्हणाली. "तू बोललास की मला संपादकांना सांगावं लागेल. मग ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्यातच गुंतले म्हणून त्या खोलीतून मी बाहेर. आमच्या पेपराला वॉशिंग्टनमध्ये माझ्याशिवाय कोणी नाही, कॅलेब."

तो घाईघाईने म्हणाला, "बरं, मग निदान एवढं तरी करू दे. उद्या मी जरा उशिरा धन्यवाद म्हणतो. तू विचारून घे."

तिने हात झटकन काढून घेतला. "अजिबात नाही. तू मला फुलं दे, शेंगदाणे दे, प्रश्न देऊ नकोस. तू गप्प बसल्यामुळे मी विचारलं, तर तो माझा प्रश्नच राहणार नाही. आणि त्यांचं उत्तरही मग बाबांसाठी नसेल, तुझ्या मेहेरबानीचं असेल."

"मग काय करू?"

"रोज ओरडतोस तसा ओरड. उलट जास्तच ओरड. बघते मी."

दुसऱ्या दिवशी ती खोलीत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. पाहुण्यांचं हस्तांदोलन झालं. "अध्यक्षमहोदय—" तिने सुरुवात केली, आणि कॅलेबने जो आवाज लावला तसा त्याने आजवर कधी लावला नव्हता. "वेळ संपली, धन्यवाद." खिडकीच्या काचा थरथरल्या. पाहुणे दचकले. पण ऑड्री हटली नाही. लोखंडाच्या खाणीवर भोंग्याच्या वरताण बोलणाऱ्या माणसांत ती वाढली होती. तो ओरडत राहिला आणि त्याच्या वर आवाज चढवून तिने अख्खा प्रश्न विचारला, इस्पितळाच्या नावासकट, पायऱ्यांवरच्या शब्दासकट.

अध्यक्ष वेस्टब्रुकना वार्ताहर फारसे आवडत नसत. सकाळी वर्तमानपत्रं वाचताना ते पेन्सिली मोडत. तरी त्यांनी हात वर केला. "कॅलेब, पोरा, पुरे. बाई जिंकल्या." मग ते तिच्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "शब्द दिला होता मी, मिस लिंडक्विस्ट. तो का मोडतोय ते मला या क्षणी ठाऊक नाही, आणि ते मला शोभत नाही. शुक्रवारी पुन्हा विचारा."

शुक्रवारी तिने विचारलं. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर त्यांनी सांगितलं, "इस्पितळ चालू राहील. मी विसरलो होतो. तुम्ही विसरला नाहीत, हे बरं झालं." आत जाता जाता मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "या बाईंच्या प्रश्नांनी माझं पोट बिघडतं. त्यांची जागा कोणी हलवायची नाही."

दारात आज कॅलेबचा आवाज नव्हता. तिथे कोणी दुसरीच मुलगी चिरक्या आवाजात धन्यवाद म्हणत होती. ऑड्रीने मान उंचावून सगळीकडे पाहिलं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. बोलता बोलता ते धापा टाकत हसत होते. "पोरी, परवा तुझ्यावर ओरडत होता तो कोण गं?"

"का?"

"जीव तोडून ओरडत होता. बघत मात्र तुझ्याकडेच होता. आम्हाला टीव्हीवर सगळं दिसतं."

ती फाटकाबाहेर आली तेव्हा ऊन-पाऊस दोन्ही होते. कुंपणाला टेकून कॅलेब उभा होता, गळ्यात टाय नाही, हातात कॉफीचे दोन कागदी पेले.

"आज कुठे होतास?"

"राजीनामा दिला."

"वेडा आहेस का? माझ्यासाठी—"

"तुझ्यासाठी नाही. म्हणजे... तुझ्यासाठीच." त्याने खाली पाहिलं. "त्या खोलीत आपल्यापैकी एकालाच राहता येणार होतं. माझं धन्यवाद कोणीही म्हणेल. तुझा प्रश्न दुसरं कोणी विचारणार नाही."

डोळे पुसायला हात मोकळा हवा म्हणून तिने वही काखेत मारली.

"आता करणार काय तू?"

"बेसबॉलच्या मैदानावर घोषणा. तिथे लोकांना आत बोलवायचं असतं." त्याने पेला पुढे केला. "आता घेशील? आता माझ्याविषयी लिहायचं काही कारण नाही."

तिने पेला घेतला. कॉफी गार झाली होती, त्यात पावसाचे थेंब पडले होते, आणि ती तिने घुटक्या-घुटक्याने सगळी प्यायली.

"आणि माझे रिपोर्ट? ते तुला आता मिळणार नाहीत."

"म्हणून तर आलोय. रोज तोंडी सांगत जा."

"मला एक प्रश्न विचारायचा होता," ती म्हणाली. "पण लांबलचक आहे. आणि त्याला पोटप्रश्नही पुष्कळ आहेत. वेळ लागेल."

कॅलेबने सवयीने तोंड उघडलं, मग मिटलं. कान लाल झाले त्याचे. "वेळ," तो म्हणाला, "माझ्याकडे वेळच वेळ आहे."