चौदाव्या खुर्चीपुढचा माइक

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, भर दुपारी बारा वाजता, माणसांनी भरलेल्या सभागृहात.

मावशी दुभाषी. युद्धबंदीची बोलणी चालली होती. काचेच्या खोलीत बसून, हेडफोन लावून, शत्रूकडचा माणूस बोलेल ते आपल्या साहेबांना आपल्या भाषेत सांगायचं. पदरचा शब्द घालायचा नाही. तो 'मी' म्हणाला, की आपणही 'मी'च म्हणायचं.

समोरच्या काचेत त्यांचा दुभाषी होता. टकलू, पन्नाशीचा. तो हेच काम उलट करायचा.

दोघांचेही मुलगे एकाच टेकडीवर लढत होते. समोरासमोर.

सगळं ठरलं होतं, फक्त वेळ उरली होती. गोळीबार आज थांबवायचा की उद्या? खरं तर दोन्ही बाजूंना आजच हवं होतं. पण आधी मागेल तो हरला! तासभर सगळे तोंडात गुळणी धरून बसले. मावशीचा जीव टांगणीला लागला होता.

आणि हेडफोनमध्ये खरखर झाली...

कोवळा आवाज. शत्रूच्या भाषेत.

"मी विनंती करतो. आजच थांबवा."

मावशीने सवयीने तेच सांगून टाकलं. समोर टकलूचेही ओठ हलत होते.

समोरचा नमला, असं दोन्हीकडे वाटलं. पटापट सह्या झाल्या.

मावशीने खाली सभागृहात पाहिलं...

एकाही साहेबाचा माइक चालू नव्हता. तांबडा दिवा पेटला होता चौदाव्या खुर्चीपुढे.

त्या खुर्चीवर कुणीच नव्हतं.

टकलूने तिला बाहेर गाठलं. "बाई, तुमच्या भाषेत तो पोरगा कोण बोलला?"

"माझ्या कानात तर तुमची भाषा होती."



"शेवटचं वाक्य मी गाळलं," तो हळूच म्हणाला. "घरगुती होतं. 'आईला सांगा, बाब्याला काही दुखलं नाही.'"

मुलाला बाब्या फक्त मावशीच म्हणायची. ती भिंतीला धरून खालीच बसली. त्याने पाणी आणून दिलं.

"आणि... तुम्ही काही गाळलंत?"

गाळलं होतं. 'बाबांना सांगा, अजून दुखतंय.'

"नाही," मावशी म्हणाली.

टकलूच्या जिवात जीव आला. "मग तो माझा नव्हे. मला निरोप दिल्याशिवाय माझा पोरगा राहायचा नाही."

बाब्या त्या सकाळी नऊलाच गेला होता. संध्याकाळी तार आली.

टकलूचा मुलगा अजून सापडलेला नाही. दर महिन्याला मावशीला टकलूचं पत्र येतं. पोराची खोली रंगवली, नवी गादी घातली, असं काहीबाही असतं.

मावशी उत्तर लिहायला बसते आणि कागद फाडते. परवा मलाच म्हणाली, "तू सांग, काय लिहू? त्याच्या पोराला अजून दुखत असेल का रे?"

मला रात्रभर झोप लागली नाही.