येते म्हणाली होती

आधी कुलुपाचं सांगते, कारण ते नीट असतं तर मी दाराबाहेर एवढा वेळ उभीच राहिले नसते.

सप्टेंबर संपता संपता मी नाशकात राहायला आले. पंचवटीत, हिरावाडीच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. घटस्फोटानंतर दोन वर्षं कळवणला आईकडे काढली होती. भाऊ-वहिनी वाईट वागले असं नाही, पण माहेरी पाहुणी म्हणून किती दिवस राहायचं? रविवार कारंज्याजवळ एका चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळाली तेव्हा मी क्षणभरही विचार न करता हो म्हटलं. धनराज, माझा भाऊ, सामान लावून देऊन निघताना म्हणाला, "तृप्ती, नाही करमलं तर परत ये. लाजू नको." प्रेमानेच म्हणाला, पण मला ते फार लागलं. काही झालं तरी परत जायचं नाही, इथेच एकटीने राहून दाखवायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पहिला आठवडा खरेदीत गेला. झाडू, सुपली, बादली, गॅसची नळी, एक प्लास्टिकची खुर्ची, एक ताट. भांड्यांचा दुकानदार "एकच?" म्हणाला, तर उगीचच त्याचा राग आला. कुलूप भाजीबाजाराबाहेर बसणाऱ्या माणसाकडून घेतलं, स्वस्त पडलं म्हणून. घरी आल्यावर कळलं की त्याची किल्ली अडकते. रोज सकाळी सव्वानऊला दारासमोर उभी राहून दोन-तीन मिनिटं माझी त्याच्याशी झटापट चालायची. आणि एकदाचं ते लागलं की मी म्हणायचे, "येते हं."

सवय, दुसरं काय! आमच्या घरात "जाते" असं कोणी म्हणत नाही. दळण टाकायला निघालं तरी "येते" म्हणायचं आणि आतून कोणीतरी "ये" म्हणायचं. इथे "ये" म्हणणारं कोणी नव्हतं, तरी तोंडातून निघायचंच. खोटं कशाला बोलू, एखादा दिवस असा जायचा की "डावा डोळा झाका, आता वाचा" याखेरीज मी कोणाशी एक शब्द बोललेली नसायची. त्यामुळे बंद दाराला का होईना, रोज सांगून निघायचं, एवढं एक ठेवलं होतं.

मजल्यावर दोनच घरं. समोरच्यांचं बाहेरचं जाळीचं दार लावलेलं, आतलं अर्धवट उघडं, आणि त्या फटीत नुसता अंधार. कधी काठी टेकल्याचा आवाज यायचा. कधी भाजलेल्या मिश्रीचा कडवट वास जिन्यावर दरवळायचा. माझं "येते हं" झालं की आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू यायचं. मला वाटायचं, टीव्ही असेल.

ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. संध्याकाळी होळकर पुलावरून चालत घरी यायचं, रस्त्यात सातवीण फुललेली, तिच्या उग्र वासाने डोकं चढायचं. दसऱ्याला दुकानातून येताना आपट्याची पानं घेतली. समोरच्यांना सोनं द्यावं असं फार मनात होतं. त्यांच्या बेलपर्यंत हात नेला. ओळख ना पाळख, काय म्हणतील? परत आले आणि पानं आपल्याच देवापुढे ठेवली. ती बेल वाजवली असती तर, असं आज फार वाटतं.

तीनच दिवसांनी समोरच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला. त्यांच्या घरातली म्हातारी गेली होती. लंकाबाई नाव, हेही मला तेव्हा कळलं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "शेजार आहे, भेटून ये. पाच मिनिटं बस आणि उठताना काही बोलू नको. नुसती उठ." मला का ते माहीत नव्हतं? दुखवट्याच्या घरातून निघताना "येते" म्हणत नाहीत आणि घरचेही "या" म्हणत नाहीत. तसा प्रसंग पुन्हा यावा असं कोण म्हणेल?

संध्याकाळी गेले. सतरंजीवर चार-पाच बायका बसल्या होत्या. फोटोपुढे दिवा होता. लंकाबाईंची सून, मोहिनीताई, माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या.

"तुम्ही समोरच्या ना? रोज 'येते हं' म्हणता त्या?"

मी ओशाळून मान हलवली.

"सासूबाईंना आम्ही ऑगस्टात इकडे आणलं, लासलगावकडून. त्यांना काही करमायचं नाही. आम्ही दोघं कामाला. दिवसभर दारामागे खुर्ची टाकून बसायच्या. तुम्ही म्हणालात की आतून 'ये गं बाई' म्हणायच्या. आम्ही घरी आलो की सांगायच्या, 'समोरची येते म्हनली हाय, चहाचं आधण ठेव.' रोज हं! मी म्हणायचे, अहो, त्या त्यांच्या घराला म्हणतात. तर म्हणायच्या, 'नाय. दाराला कोन म्हनंल? मानसालाच म्हनती ती.'"

एका भिंतीपलीकडे एक बाई महिनाभर माझी वाट बघत होती, आणि मी पलीकडे एकटी बसून एका ताटात जेवत होते. मला तिथे बसवेना. उठले. दाराशी चप्पल घातली. आणि तोंडातून निघून गेलं...

"येते हं."

खोलीतली कुजबूज थांबली. एका बाईने पदर तोंडाला लावला. मोहिनीताईंनी मान खाली घातली. आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "ये."

असेल कोणी घरातलं जुनं माणूस, असं म्हणून मी पळाले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मोहिनीताई भेटल्या. मी माफी मागितली. म्हटलं, "आत कोणीतरी सांभाळून घेतलं म्हणून बरं."

"आत?" त्या म्हणाल्या. "आतली खोली त्यांची होती. कुलूप आहे तिला." मग एक पायरी उतरून म्हणाल्या, "मी नाही काही ऐकलं."

दहाव्यासाठी ते सगळे गावाला गेले. मजल्यावर मी एकटी उरले. सकाळी कुलूप लावलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एक शब्द काढला नाही. पहिली पायरी उतरले, तोच मागून आवाज आला... समोरच्या घरातून नाही. माझ्या.

"ये गं बाई."

त्या दिवशी दुकानात मी दोन माणसांना चुकीचे नंबर लिहून दिले. संध्याकाळी कुलूप काढलं तर दार उघडेना. जोर लावला तेव्हा काहीतरी घासत मागे सरकलं. माझीच खुर्ची होती. दारामागे, दाराकडे तोंड करून. घरात मिश्रीचा वास होता.

खुर्ची उचलून स्वयंपाकघरात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारामागे. तिसऱ्या दिवशीही.

धनराजला सांगितलं असतं तर तो तासाभरात निघाला असता, आणि मला सामानासकट घेऊन गेला असता. म्हणून सांगितलं नाही. आणखीही एक कारण होतं. ते मी कोणालाच बोलले नाही, तुम्हाला सांगते. पाचव्या दिवशी मी दुकानातून अर्धा तास आधीच निघाले. पुलावर रेंगाळले नाही. कोणीतरी घरी वाट बघतंय, याची सवय फार लवकर लागते हो. त्या रात्री दोन कप चहाचं आधण ठेवलं, आणि ते लक्षात आल्यावर अशी घाबरले की दिवा लावून बसून राहिले.

शेवटी आईला सांगितलं.

"शब्द दिलास ना गं तू... ती त्या शब्दावर बसलीय," ती म्हणाली. "दिवाळीला निघशील तेव्हा 'येते' म्हणू नको, आणि गप्पही राहू नको. स्पष्ट सांग, 'जाते' म्हणून. म्हणजे सुटेल ती. तूही सुटशील."

वसुबारसेच्या सकाळी मी पिशवी भरली. कुलूप त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागलं. दाराकडे तोंड करून उभी राहिले. आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द, जिभेवर येता येईना. रडू येत होतं.

"जाते मी," म्हटलं. "आता नाही येणार."

आत शांतता. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काठी... एक, दोन, तीन... दारापाशी येऊन थांबली. लाकडाला अगदी लागून, समजूत घातल्यासारखा आवाज आला,

"बरं... मग मीच येते."

जिना कसा उतरले, आठवत नाही. सीबीएसला कळवणची गाडी लागली होती. दिवाळीची गर्दी, खिडकीतून रुमाल टाकून लोक जागा धरत होते. मला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी दारापर्यंत भरली, माणसं दांड्याला लोंबकळत होती, आणि माझ्या शेजारची जागा मात्र रिकामी होती. कोणी तिकडे बघतही नव्हतं.

दिंडोरीला एक माणूस चढला. दोन्ही हातांत मिठाईचे खोके. वाट काढत आला, माझ्या शेजारी बसायला वाकला, आणि एकदम सरळ झाला.

"माफ करा हं आजी," तो म्हणाला. "गर्दीत दिसलंच नाही." आणि उभा राहिला.

मी त्या बाजूला मान वळवली नाही. वणी येईपर्यंत बाहेरच बघत होते. वणीच्या पुढे रस्ता उखडलेला आहे, गाडीला फार गचके बसतात. म्हाताऱ्या माणसाचं अंग खिळखिळं होतं. मी पिशवी मांडीवर घेतली, खिडकीकडे सरकले आणि थोडी जागा करून दिली.