बेपत्ता वैमानिकाचा पिंड

विंग कमांडर नीलकंठ सप्रे नव्वदीला टेकले, तरी चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेत. एकाहत्तरच्या लढाईत लढाऊ विमानांची अख्खी तुकडी त्यांच्या हाताखाली होती. पुढं बढत्या मिळाल्या तरी लोकांच्या तोंडी 'विंग कमांडर'च राहिलं, निवृत्तीनंतर फ्लाइंग क्लबात पोरांना शिकवून झालं, आणि म्हातारपणी स्वारी बनारसला, मंगला गौरीजवळच्या आपल्या घरी परतली. भुताखेतांवर विश्वास शून्य.

तरी आज ते मुन्शी घाटावर पिंड द्यायला बसले होते. त्यांच्या तुकडीतला देवव्रत त्या लढाईत बेपत्ता झाला. मेल्याचा पुरावा नाही, म्हणून त्याची बायको शरदिनी आजवर कुंकू लावत राहिली. आता तिला ते सोसवेना.

"सर, ते आहेत की नाहीत, एवढं तरी कळू दे मला," ती म्हणाली होती. मूलबाळ नव्हतं, म्हणून कमांडरच पुढं झाले.

पिंड मांडला. कावळे पुष्कळ जमले, पण एकही शिवेना.

शरदिनीनं हात जोडले. "माझी काळजी करू नका हो."

कावळे कलकलत राहिले. तिचा चेहरा उतरला. "सर, जिवंत असतील का?"

"दर्भाचा कावळा करून शिववू, काका," दिनानाथ गुरुजी घाम पुसत आपल्या हिंदीमिश्रित बनारसी मराठीत म्हणाले. "शास्त्रात छूट आहे. धूप बघा किती झालीय."

तेवढ्यात रॉकेलसारखा वास आला. जवळपास ना स्टोव्ह, ना मोटरची नाव. कमांडरांनी तो ओळखला. विमानाच्या इंधनाचा वास होता.

कावळे गप्प झाले.

तुकडीतला शेवटचा पोरगा तळावर उतरल्याशिवाय कमांडर कधी जेवायला बसले नव्हते. देवव्रत परतला नाही त्या रात्रीपासूनचं प्रत्येक जेवण त्यांना नकोसं झालं होतं.

"देवव्रत," ते हळूच म्हणाले, "एकटा राहू नकोस. मी येतो तुला न्यायला."

एक कावळा झेपावला. पिंडाला चोच लागली.

शरदिनीनं पदरानं कुंकू पुसलं आणि ती मोठ्यानं रडली.

कमांडरांनी उठून सदरा चढवला आणि ते पाण्याकडं उतरू लागले.

"सर, घर वर आहे."

"तू हो पुढं."

ती आधार द्यायला धावली आणि थबकली. सदऱ्याची बाही कोपरापाशी आत दबली होती. पांढऱ्या कापडावर एकेक करून तेलकट बोटं उमटत होती.