झिनियाचा वाफा कुणी जाळला?

"मेली! याही वेळी सगळी मेली!" रितिकाने हातातली झारी फरशीवर आपटली.

बेसा वस्तीतल्या त्यांच्या इमारतीच्या भिंतीला लागून एक अरुंद वाफा होता. कालपर्यंत त्यात झिनियाची बोटभर रोपं ताठ उभी होती. आज सोमवारी सकाळी ती मातीवर आडवी पडली होती. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी.

"ऊन लागलं असंन वं," पहिल्या मजल्यावरचे मारोतरावकाका जिना उतरत म्हणाले. ते सोसायटीचे चेअरमन. "मी तुले पहिलेच म्हटलं होतं, त्या जागेत काही उगवत नाही. येत्या रविवारी माप घेऊन सिमेंटचे गट्टू टाकून टाकू. दोन गाड्या मस्त उभ्या राहतीन."

"काका, आम्ही रोज दोनदा पाणी घालतो!"

"पोट्ट्याइचं पाणी!" काका हसले आणि स्कूटर काढून निघून गेले.

रितिकाचे कान तापले. हे बी साधं नव्हतं. मौद्याला मामाच्या अंगणात झिनियांचा ताटवा होता. त्यात लाल पाकळ्यांना पिवळी टोकं असलेलं एकच फूल तिने हेरलं, देठाला दोरा बांधला आणि ते झाडावरच वाळू दिलं. मग एकेक पाकळी ओढून तिच्या बुडाशी चिकटलेलं बाणाच्या टोकासारखं बी काढलं. पोचट दाणे फेकून दिले. आता मामाच्या त्या अंगणात सिमेंट झालं होतं. उरलेलं चिमूटभर बी, तेवढंच शिल्लक!

"बीच खराब असलं तर?" तिचा धाकटा भाऊ हर्षित म्हणाला.

"तुझं डोकं खराब!"

"भांडू नका," वरच्या मजल्यावरची अबोली म्हणाली. "बी पारखून पाहू ना."

तिघांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडली. वाफ्याच्या पार टोकाची माती भरली, थोडं बी पेरलं आणि डबे गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवले. पाणी तेच, बोअरचं. शुक्रवारी हर्षित गच्चीवरूनच ओरडला, "उगवलं! सगळ्या डब्यांत उगवलं!"

"म्हणजे बी चांगलं, माती चांगली, पाणीही चांगलं," अबोली म्हणाली. "मग रोपं मेली कशानं?"

"मागच्या वेळीही सोमवारीच मेली होती," रितिका सावकाश म्हणाली. "रविवारी काय होतं इथं?"

"कूलर धुतात!" हर्षितने उडीच मारली.

तिघं धावत खाली आली. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून एक पाइप उतरून बरोबर वाफ्याच्या काठावर उघडत होता. त्याच्या तोंडाखालची फरशी पांढरी पडली होती, तिला खड्डे पडले होते. अबोलीने वाकून वास घेतला आणि झटकन मागे सरकली. "नाकाला झोंबतं!"

बाल्कनी मारोतरावकाकांची होती. तिघांनी त्यांची बेल वाजवली.

"कूलरचं पाणी आहे ते," काका दारातूनच म्हणाले. "झाडाइले चांगलंच असते. जा, खेळा."

आईला सांगितलं, तर तीच उलट रागावली. "मोठ्या माणसांवर असा आळ घेतात का? आधी पुरावा आण."

रितिका रात्री धड जेवली नाही. मोठी माणसं खोटं बोलली तरी मोठीच! "पुरावा हवा ना? देते," ती हर्षितला म्हणाली.

रविवारी सकाळी गट्टूवाला टेप घेऊन आला. माप बघायला निम्मी इमारत खाली उतरली. वर बाल्कनीत काका कूलरच्या टाकीचं बूच काढायला वाकले होते. तेवढ्यात रितिका आणि अबोलीने जिन्यापाशी ठेवलेली एक कुंडी उचलून आणली आणि पाइपाच्या तोंडाखाली ठेवली. काकांचा मोगरा! देवासाठी रोज फुलं देणारा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला काकांना खपत नसे.

"काका, सोडा पाणी!" रितिका ओरडली. "आज तुमच्या मोगऱ्याला देऊ! झाडांना चांगलं असतं ना?"

काकांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "थांब वं! उचल ते कुंडी! अ‍ॅसिड आहे त्याच्यात, जळून जाईन माझा मोगरा!"

गट्टूवाल्याने टेप गुंडाळली.

"म्हणजे झिनिया काहून जळला, ते तुमाले माहीत होतं," तळमजल्यावरच्या शामलाकाकू वर बघत म्हणाल्या. "इथं लेकरं खेळतात, मारोतराव!"

"टाकीत जमलेला पाण्याचा खार निघतच नाही हो दुसऱ्या कशानं..." काका चाचरले. "पाइप कुठं उघडते, पाहिलंच नाही मी."

"मोगरा ठेवल्यावर बरा दिसला पाइप!" रितिका म्हणाली. या वेळी तिला कुणीही गप्प केलं नाही.

गट्टूवाला आल्या पावली परत गेला. दुपारी पाइप वळवून गटारीला जोडला. जळलेली माती उकरून नवी माती घमेल्यांनी कुणी वाहायची, ते शामलाकाकूंनी ठरवलं. मारोतरावकाकांनी घाम पुसत ती वाहिली.

आईने रितिकाच्या पाठीवर हात ठेवला. "मी आधीच ऐकायला हवं होतं."

"आणि बी असं पारखून पाहायचं आम्हा मोठ्याइले सुचलं नसतं," शामलाकाकू म्हणाल्या. "शाबास पोरींनो! तू पण रे हर्षित!"

डब्यांतली रोपं वाफ्यात गेली. शाळा सुरू झाल्यावर फुलं आली. पहिली काही साधी गुलाबीच निघाली. मग एका सकाळी एक उमललं: लाल पाकळ्या, पिवळी टोकं!

मारोतरावकाका पूजेचं तबक घेऊन त्याच्यासमोर उभे होते. त्यांचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. "रितिका... एक तोडू का वं?"

"विचारलंत, हे बरं केलंत काका," ती देठाला दोरा बांधत म्हणाली. "पण नाही. हे बियाण्याचं आहे!"