पन्नासावा सराव

"जरा... तुमचे पाय मिळतील का?"

शिडीवर चढून भिंत रंगवणाऱ्या पेंटरचा हात तसाच थांबला. लोकांनी आजवर त्याच्याकडे शिडी मागितली होती, उरलेला रंग मागितला होता. पाय कुणी मागितले नव्हते.

"दोन्ही?" त्याने विचारलं.

ती लाजून अर्धी झाली. त्याच इमारतीत ती रिफ्लेक्सॉलॉजी शिकत होती, म्हणजे तळपायावर अंगठ्याने दाब देऊन आराम देण्याची विद्या. आणि आजच्या सरावासाठी ठरलेल्या बाईंनी ऐन वेळी नकार कळवला होता. परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर पन्नास सराव हवेत, प्रत्येकाच्या कागदाखाली तिची आणि पाय देणाऱ्याची, दोघांची सही हवी. एका माणसावर फार तर सहा. आणि घरचं माणूस मुळीच नको! आई बिचारी रोज पाय पुढे करायची, पण परीक्षा मंडळाला आईचं काय कौतुक? दोन वर्षं दवाखान्यात फोन उचलून तिचा जीव विटला होता. परवाना हीच तिची सुटका होती.

पेंटर पाय धुऊन आला, संमतीपत्र वाचून खुर्चीत टेकला. शिडीच्या दांड्यावर उभं राहून राहून त्याच्या तळव्यांना आडवा घट्टा पडला होता. तिने अंगठा ठेवताच त्याचे डोळे मिटले.

"बरं होईल हे?"

"तसं सांगायला कायद्याने बंदी आहे. आराम वाटेल, एवढंच म्हणू शकते."

"आणि... वाटतोय, असं मी म्हटलं तर?"

"तुम्हाला बंदी नाही," ती म्हणाली आणि टॉवेलची घडी उगाचच मोडून पुन्हा घातली.

तो दर गुरुवारी येऊ लागला. भिंतीचा रंग केव्हाच वाळला होता. पाऊण तास त्याची पावलं तिच्या हातात असायची, आणि उरलेला आठवडाभर तो नुसता मनात. समोरच्या माणसाशी खासगी बोलायचं नाही, हा नियम ती कसोशीने पाळायची. फक्त तो गेल्यावर जिन्यावरचा आवाज संपेपर्यंत ती जागची हलत नसे.

सहावा गुरुवार आला. हाच तिचा पन्नासावा सराव; अर्जाची मुदत उद्या संपत होती. पेंटरने मोजे चढवले, पेन हातात घेतलं... आणि खाली ठेवलं.

"मॅडम, मी सही नाही करू शकत."

"का? दुखलं का कुठे?"

त्याने कागदातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं — 'आम्हा दोघांत कोणतेही जिव्हाळ्याचे संबंध नाहीत.'

"आधी केली. आज हात धजत नाही. तुमचं मला ठाऊक नाही, पण माझ्या बाजूने हे आता खोटं आहे." त्याची मान खाली गेली. "तुमचं नुकसान नाही होऊ देणार. आमचा मुकादम खाली उभाच आहे, त्याला आणतो—"

"मुकादम नको."

तिने फाइल उघडली. आजचा बिनसहीचा कागद तिने बाजूला काढला. मग त्याच्या पाचव्या सरावाचा. चौथ्याचा. तिसऱ्याचाही.

"अहो, हे काय करताय? यांवर सह्या झाल्यात!"

"माझीही आहे ना खाली," ती म्हणाली. "तिसऱ्या गुरुवारपासून... मीही खोटंच लिहीत आलेय."

पेंटरने बाजूला काढलेले चारही कागद मोजले.

"मग परीक्षा?"

"आता सहा महिन्यांनी." डोळे भरून आले होते, तरी ती हसली. "चार परकी माणसं शोधायला मदत कराल? तुमचे पाय आता मोजता यायचे नाहीत."