उथळाकडे

नोव्हेंबर लागला की आमचा तलाव पुन्हा आमचा होतो. उन्हाळाभर पाण्यावर धिंगाणा घालणारी शहरातली मंडळी आपल्या चकचकीत बोटी ताडपत्रीखाली झाकून निघून जातात, धक्क्यावरची आइस्क्रीमची टपरी बंद होते, आणि बास मासे खोल उतरून बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांशी रेंगाळतात. आर्कान्सामधलं हे धरण बांधताना दरीतली झाडं तोडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सीडर आणि ओक पाण्याखाली अजून तसेच उभे आहेत. त्यांच्यात गळ अडकवून मी आजवर किती आमिषं घालवली, ते माझ्या बायकोला कळू नये एवढीच माझी इच्छा आहे.

त्या दिवशी वर्लन टॅकेटने मला दुपारचं जेवण झाल्यावर बोलावलं. शाळेत होतो तेव्हापासून आम्ही दोघं एकत्र मासे धरतो आणि उजाडायच्या आधीच निघतो. मी विचारलं तर म्हणाला, थंडीत मासा उशिरा उठतो. मी म्हटलं, मासा नाही, तू उशिरा उठतोस. एरवी त्याने याला चांगलं झोंबणारं उत्तर दिलं असतं. तो नुसता हसला आणि पेट्रोल पंपावरून आणलेला सॉसेजचा पाव माझ्या हातात ठेवला. स्वतः काही खाल्लं नाही.

त्याचं हसणं कमी झालं होतं ते मार्चपासून. मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ कोल्बी याच तलावात गेला. मी विमा कंपनीसाठी बोटी तपासतो. आपटलेली, जळलेली, बुडालेली बोट असली की मला धाडतात. कोल्बीची बोट तपासायलाही मीच होतो. ती हिकरी बेंड नावाच्या वळणापाशी सापडली, पेट्रोल संपेपर्यंत एकटीच गोल गोल फिरत राहिलेली. जाकिटाला अडकवायची लाल दोरी स्टिअरिंगशेजारी तशीच लोंबत होती. माणूस पाण्यात पडला की ती दोरी खेचली जाते आणि इंजिन बंद पडतं. आमच्यातला एकही जण जवळच्या अंतरासाठी ती लावत नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायचं तर कशाला, असं जो तो म्हणतो. मीही म्हणतो.

कोल्बी मिळाला नाही. शेरीफची माणसं आली, कुत्री आणली, पाणबुडे आणले. खोल, गार पाणी आणि त्यात ती झाडं, असं पाणी घेतलेलं परत देत नाही, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त त्याच्या आईला, मिस ओलीटांना (इकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात), ते मान्य नव्हतं. दफनभूमीत नवऱ्याच्या शेजारची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती आणि नुसता दगड बसवायला नकार दिला होता. चर्चबाहेर सगळ्यांसमोर त्या वर्लनला म्हणाल्या होत्या, "तू थोरला आहेस. हिवाळ्याआधी त्याला घरी आण." मी तिथे होतो. वर्लनने मान खाली घालून हो म्हटलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

वारा अजिबात नव्हता. बोट सोडताना कुठल्यातरी घरातून लाकडाच्या धुराचा वास येत होता. वर्लनने बोटीच्या नाकाशी नवी मोठी स्क्रीन बसवली होती आणि तिचा सोनार, म्हणजे आवाजाच्या लाटांनी पाण्यातलं टिपणारा डोळा, हाताने वळवायच्या वेगळ्या दांड्यावर होता. हे यंत्र समोरच्या पाण्यात काय चाललंय ते त्याच क्षणी दाखवतं. मासा म्हणजे उजळ ठिपका, आपलं आमिष म्हणजे खाली उतरणारी बारीक रेघ. मी त्याला म्हटलं, हे मासे धरणं नव्हे, टीव्ही बघणं आहे. तो म्हणाला, बघ तर खरं.

त्या यंत्रावर त्याचा हात बसला होता यात शंका नाही. शिशाच्या डोक्याला लावलेला बोटभर रबरी मासा तो पाण्यात सोडायचा, एखादा ठिपका झाडापासून सुटून मागे निघायचा, आणि मग खरं काम सुरू व्हायचं. मासा मागे लागला की हात थांबता कामा नये. थांबला की माशाला संशय येतो आणि तो वळतो. आमिष त्याच्या नाकापुढे, जरासं वर, सतत थरथरत ठेवायचं. म्हणजे तो आपणहून वर येत राहतो, खोलातून उथळाकडे. वर्लनने असे दोन चांगले बास काढले आणि तसेच सोडून दिले. मी मासे ठेवायच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत पाणीच भरलेलं नव्हतं.

"काय रे, आज मासे न्यायचेच नाहीत?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि बोट हिकरी बेंडकडे वळवली.

तिथे पोहोचल्यावर त्याने मोठं इंजिन बंद केलं. दांडा थोडा थोडा फिरवत त्याने पाणी न्याहाळलं, आणि एका जागी हात थांबवला.

"डेल्मर, आता तू विमेवाला म्हणून बघ. मित्र म्हणून नको."

तिसेक फूट खोलीवर एका खोडाला टेकून काहीतरी उभं होतं. खोडाहून आखूड, आणि खालचं टोक तळाला टेकलेलं नव्हतं. मी म्हटलं, ओंडका आहे. पाणी प्यालेला ओंडका जड बाजू खाली करून असा उभा तरंगतो, मी पाहिलेले आहेत. वर्लनने रबरी मासा लांब टाकला. ती बारीक रेघ उतरत उतरत त्या उभ्या आकाराच्या जवळून गेली.

ओंडका खोडापासून सुटला.

वर्लनने रीळ हळूहळू फिरवायला सुरुवात केली आणि तो आकार मागे निघाला. माशासारखा आडवा होऊन पोहत नव्हता. उभाच्या उभा येत होता, वरचं टोक किंचित पुढे झुकवून. वाटेत एक झाड आलं तर ते वळसा घालून चुकवलं.

सवयीने मी तपासायला लागलो. प्रवाह म्हणावा तर शेजारी तरंगणारं पान जागचं हललं नव्हतं. मी गळाची दुसरी काठी उचलून माझं आमिष बाजूला सोडलं, त्याच खोलीवर, जास्त जवळ. त्या आकाराने माझ्या आमिषाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"माझ्याच मागे येतो," वर्लन म्हणाला. त्याच्या आवाजात मला अभिमानासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो.

कधीपासून, असं मी विचारलं. त्याने नजर स्क्रीनवरून न काढता सांगितलं. पहिल्यांदा दिसला तो धरणाच्या भिंतीपाशी, फार खोल. तेव्हापासून वर्लन रोज येत होता आणि त्याला रोज थोडा वर, थोडा अलीकडे आणत होता. अंधार पडला की सोडून जावं लागायचं.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"जिथे सोडला तिथेच थांबलेला असतो."

मी म्हटलं, जागेची खूण यंत्रात टाक, परत जाऊन शेरीफला फोन करू, ही आपली कामं नव्हेत. तो म्हणाला, ते दोनदा येऊन गेले, त्यांना दिसला का? उद्या पाणबुडे उतरले आणि हा पुन्हा खोल गेला तर आईला काय सांगू? हे सगळं बोलताना त्याचा हात क्षणभरही थांबला नाही. रबरी मासा खाली थरथरत होता आणि तो आकार त्याच्या मागे होता.

"वर्लन, ऐक. एवढ्या महिन्यांनी जे उरतं ते असं चालत येत नाही."

"मला कळत नाही का ते?"

"मग हे काय आहे?"

"आईलाही मी हेच विचारलं. ती म्हणाली, कसाही असू दे, तू आण."

माझ्या पायाशी पक्कड होती. मी ती उचलली. दोऱ्यावर एकदा दाबली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. मला भीती वाटत होती हे मी लपवत नाही. पण वर्लनचा चेहरा मी पाहिला. त्या उन्हाळ्यात तो वाळत गेला होता, बायकोशी बोलेनासा झाला होता, आणि आता पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जिवंत होतं. दोरा कापला तर मी कोल्बीला दुसऱ्यांदा बुडवलं असं तो मरेपर्यंत म्हणणार, आणि त्याचं काही चुकणार नाही. मी पक्कड खाली ठेवली.

त्याला मी का हवा होतो ते मग कळलं. तो पुढे उभा राहून आमिष हलवत असताना बोट उलटी, किनाऱ्याकडे न्यायला मागे कुणीतरी हवं होतं. मी मोठं इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं, अगदी मंद. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ती लाल दोरी जाकिटाला अडकवली.

बोटी पाण्यात सोडायच्या रॅम्पपर्यंत यायला बराच वेळ लागला. सूर्य डोंगरामागे गेला. वर्लन मधून मधून खोली सांगत होता. वीस फूट. पंधरा. नांगर टाकलेल्या एका रिकाम्या तराफ्याच्या साखळीपाशी तो आकार थबकला, तेव्हा वर्लनने आमिष जरासं नाचवलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चल बाबा, चल." लहानपणी कोल्बी शाळेच्या वाटेवर मागे पडायचा तेव्हा तो याच आवाजात बोलायचा.

आकार पुन्हा निघाला.

दहा फूट. सात.

"आता तर तळाला लागेल," मी म्हणालो. "एवढ्या पाण्यात उभा राहूच शकत नाही."

"नाही उभा," वर्लन म्हणाला. "आडवा झालाय."

मी मागे वळून किनारा पाहिला. रॅम्पवर, वर्लनच्या ट्रकशेजारी, मिस ओलीटा उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना आणून सोडलं असणार. अंगावर रविवारचा निळा पोशाख होता, आणि हातावर घडी घातलेला कोल्बीचा जाड कोट. त्या मला बघून हसल्या नाहीत. पाण्याकडे बघत त्या उतारावरून खाली यायला लागल्या.

त्या रॅम्पवर थंडीत शेवाळ धरतं. तरणी माणसं त्यावर आपटून हाडं मोडतात, आणि मिस ओलीटा ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे बूट पाण्याला लागलेले दिसले तसा मी लाल दोरी खेचून इंजिन बंद केलं, ते वर उचललं आणि मागच्या मागे उडी टाकली. पाणी गुडघाभर होतं आणि इतकं गार की पाय बधिर झाले.

"मिस ओलीटा, मागे व्हा. निसरडं आहे."

"डेल्मर, बाळा," त्या शांतपणे म्हणाल्या, "बाजूला हो. तू मधे आहेस."

मागे रीळ फिरायची थांबली. वर्लनने आमिष पाण्याबाहेर काढलं होतं. रबरी मासा काठीच्या टोकाला लोंबत होता.

"बोटीखालून गेला," तो म्हणाला.

दांडा किनाऱ्याकडे वळवल्याची कुरकुर मला ऐकू आली.

"डेल्मर." त्याचा आवाज एवढासा झाला होता. "हलू नकोस."

"काय दिसतंय?"

"तुझे पाय दिसतायत."

"आणि?"

"डाव्या बाजूला अजून दोन."

मी डावीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. पाणी सपाट होतं, त्यावर संध्याकाळचा शेवटचा उजेड होता, आणि माझ्या गुडघ्यांभोवतीच्या लाटाही आता विरल्या होत्या.

मिस ओलीटांनी कोटाची घडी मोडली आणि तो उघडून समोर धरला, लहान मुलाला घालायला धरतात तसा. त्यांची नजर माझ्या डाव्या खांद्याच्या थोडी वर होती. कोल्बी माझ्यापेक्षा उंच होता.

"केवढा गार पडलायस," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात सोडले. कोट खाली पडला नाही.

तो कोट कोरडा होता, मी नीट पाहिलं होतं. आता त्याच्या एका बाहीच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं. मग दुसऱ्या.