दोरीच्या टोकाचं मडकं

बोट धक्क्याला लागायच्या आधीच नेजियाला वारा कुठला ते कळलं. दातांत वाळू आली तर दक्षिणेचा, ओठांवर मीठ आलं तर उत्तरेचा. आज ओठ खारट होते. म्हणजे उद्या सकाळी समुद्र शांत असणार आणि मामा ऑक्टोपस धरायला तळाशी सोडलेली मडकी उचलायला जाणार.

सादोकमामा आपल्या खिळखिळ्या टेम्पोला टेकून उभा होता. तिच्या पायांकडे बघून त्यानं भुवया वर केल्या.

"या, स्फाक्स शहराच्या सूनबाई! टाचेचे बूट? उद्या काय ऑक्टोपसांना लग्नाचं आमंत्रण द्यायला जायचंय?"

"मामा, सलाम तरी करू दे."

"सलाम पळून जात नाही. आधी सांग, या खेपेला तरी नेणार का माझ्या बहिणीला? की नेहमीसारखी रडून परत?"

नेजिया टेम्पोत बसली. नेणार होती. नेल्याशिवाय परत जाणार नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आईच्या छातीला बेटावरचा आणखी एक हिवाळा सोसायचा नाही. घराच्या भिंतींना ओल धरलेली, आई एकटी, रात्री खोकल्याची उबळ आली तर पाणी द्यायलाही कुणी नाही.

रस्ता किनाऱ्याला धरून जात होता. उथळ पाण्यात लांबपर्यंत खजुराच्या झावळ्यांची कुंपणं उभी होती. इथं समुद्राच्याही वाटण्या होतात, बांधाला बांध लागतो, बांधावरून भाऊबंदकी होते. दारोदार दोऱ्यांवर ऑक्टोपस वाळत घातलेले. भिंतीशी मातीची मडकी रचून ठेवलेली, सगळी उपडी. बेटावर रिकामं मडकं कुणी उताणं ठेवत नाही. का, ते कुणी सांगत बसत नाही. लेकराला चालायला शिकवतात तसं हेही शिकवतात.

आई उंबऱ्यात बसून जव निवडत होती. आईचा, म्हणजे मबरूकाबाईंचा, त्या दिवशी रोजा होता. सोमवार आणि गुरुवार, वर्षानुवर्षांचा नेम. आणखी एक नेम होता: रोज दुपार कलली की किनाऱ्यावरच्या पिराच्या घुमटीत जाऊन समुद्राकडच्या कोनाड्यात एक मेणबत्ती लावायची. ही मेणबत्ती मुन्सिफसाठी. नेजियाचा धाकटा भाऊ गावातल्या चार पोरांबरोबर रबरी होडीतून पलीकडच्या देशात जायला निघाला, त्याला आता बरीच वर्षं झाली. होडीचं काही सापडलं नाही. पोरांचंही नाही. बाकीच्या घरांनी हळूहळू मन घट्ट केलं, मशिदीत मयताची नमाज पढून घेतली. मबरूकाबाईंनी इमामसाहेबांना चहा पाजला आणि हसून परत पाठवलं. "झोपलेल्या लेकराची कुणी मयत उठवतं का?" म्हणाल्या.

"आई, चल माझ्याबरोबर," नेजियानं बसल्या बसल्याच विषय काढला. "ताहेरनं तुझी खोली रंगवून ठेवलीय. ऊन येतं तिथं."

"जावई गुणी आहे हो. पण मुन्सिफ आला आणि दाराला कुलूप असलं तर?"

"मामा आहे ना इथं."

"तुझ्या मामाला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

खोकल्याची उबळ आली. नेजियानं पाठ चोळली. कपड्यातून आईची हाडं हाताला लागली. उबळ ओसरल्यावर आई बराच वेळ जवाच्या सुपात बोटं फिरवत राहिली.

"उद्या सादोक मडकी उचलणार आहे," ती म्हणाली. "त्याच्याबरोबर जा. दोरीच्या टोकाचं मडकं माझं आहे. दर हंगामाला मी एक सोडते, त्याच्या नावानं. हे रिकामं आलं तर मुकाट्यानं येते तुझ्याबरोबर."

"आणि ऑक्टोपस आला तर?"

"ऑक्टोपस आला तर शिजवून खाऊ," आई म्हणाली. "रिकामंच म्हणायचं ते."

नेजियाला हसू आलं. आईनं स्वतःच वाट मोकळी करून दिली होती. लहानपणी मुन्सिफला सगळे ऑक्टोपसच म्हणायचे. वाऱ्याला भ्यायचा. वारा सुटला की अंथरुणाभोवती उशा, चपला, आईची पळी, जे हाती लागेल ते रचून दार बंद करून घ्यायचा, आणि त्या किल्ल्यात फक्त नेजियाला प्रवेश. ताईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय त्याला झोप येत नसे. ती तशीच वाकून पडून राहायची. पकड सैल झाली की हळूच उठायची.

सकाळी पाणी काचेसारखं होतं. मामा सपाट बुडाच्या होडीत उभा राहून लांब काठी रोवत होडी पुढे ढकलत होता. झावळ्यांच्या कुंपणांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. मडक्यांना आमिष लागत नाही. वाळूच्या तळावर नुसती सोडून द्यायची. बेघराला घर दिसलं की तो आपण होऊन आत जातो.

"आमच्या जावयासारखा," मामा म्हणाला.

"मामा!"

"बरं, राहिलं."

दोरी वर येऊ लागली. मडकं आलं की मामा ते तिरकं करून पाणी ओतायचा, आत चिमूटभर मीठ टाकायचा. थोड्या वेळानं एक राखाडी हात काठावर यायचा, मग दुसरा. काही मडक्यांच्या तोंडाशी खडे आणि शिंपले नीट रचलेले असत. ऑक्टोपस स्वतःला असंच आतून कोंडून घेतो. मामा खडे काढायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "माफ कर रे बाबा, घरमालक आलाय."

मग टोकाचं मडकं वर आलं.

त्याचंही तोंड खड्यांनी बंद होतं. मामानं एकेक खडा काढला आणि सवयीनं मडकं तिरकं केलं.

पाणी आलं नाही.

त्यानं आणखी तिरकं केलं. थेंबसुद्धा नाही. समुद्राच्या तळावरून आलेलं मडकं बाहेरून निथळत होतं आणि आतून कोरडं होतं. मामानं मिठाची पुडी उघडली होती, ती तशीच मिटून खिशात ठेवली.

"काय झालं?" नेजियानं विचारलं.

"काही नाही. रिकामं आहे."

"बघू."

"नको बघूस. परत सोडतो मी."

"आईला दाखवायला हवं ना, मामा. नाहीतर तिचा विश्वास बसायचा नाही." तिनं मडकं ओढून घेतलं आणि आत हात घातला.

आत काहीच नव्हतं. पण माती गरम होती. उन्हात तापल्यासारखी नव्हे. नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखी.

तिनं हात बाहेर काढला नाही. मामा तिच्याकडे बघत नव्हता, काठीकडे बघत होता.

"मग उपडं तरी धर," तो हळू आवाजात म्हणाला. "ऐक माझं. किनाऱ्यापर्यंत उपडं धर, पोरी."

शहरात राहून ती काही विसरली होती असं नाही. हात धजला नाही. त्या उबेचं तोंड खाली करायला तिच्यानं झालं नाही. घरी पोचेपर्यंत तिनं मडकं मांडीवर धरलं, तोंड वर.

आई उंबऱ्यातच होती. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"रिकामं आहे, आई," नेजिया म्हणाली. हे खोटं नव्हतं, तरी म्हणताना तिनं नजर चुकवली.

आईनं बाही सरसावली. हात कोपरापर्यंत आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग बाहेर काढून तळवा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"हो. रिकामं आहे," ती म्हणाली. "चल, गाठोडं बांधायला लाग."

रडणं नाही, वाद नाही. नेजिया इतकी आनंदली की त्या सहजपणाचं तिला नवलही वाटलं नाही. आईनं लुगड्यासारख्या अंगाभोवती घ्यायच्या दोन पांढऱ्या चादरी घेतल्या, जपाची तसबीह घेतली, नमाजाला अंथरायची जानमाज घेतली. पिराच्या घुमटीत गेली. मात्र त्या दिवशी मेणबत्ती लावली नाही, कोनाडा पुसून आली. आणि म्हणाली, "मडकं मी मांडीवर घेईन."

धक्क्यावर मामानं बहिणीचा हात धरला. "ताई, निदान उपडं धर गं."

"तू तुझ्या बायकोला शिकव," आई म्हणाली. बोटीवर वारा होता, म्हणून तिनं पदराचं टोक मडक्याच्या तोंडावर ओढून घेतलं.

स्फाक्समध्ये आईचा खोकला आठवड्याभरात बसला. ती पोटभर जेवू लागली. ताहेरशी थट्टा करू लागली. मडकं तिच्या पलंगाशी, भिंतीला टेकून, उताणं. मुन्सिफचं नाव मात्र तिनं काढलं नाही. इतक्या वर्षांत एक दिवस असा गेला नव्हता की त्याचं नाव निघालं नाही. नेजियाला आधी बरं वाटलं. मग नाही वाटलं.

घरातल्या बारीकसारीक वस्तू दिसेनाशा झाल्या. शिवताना बोटावर चढवायचं अंगुस्तान, ताहेरच्या शर्टाची बटणं, कॉफीचा छोटा चमचा.

"तुझ्या आईबरोबर एखादा उंदीर आलाय बोटीनं," ताहेर म्हणाला.

"तिकीट काढून आला असेल," आई आतून म्हणाली, आणि हसली.

फरशी पुसताना नेजियाला रोज एक पांढुरका पट्टा दिसे, पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत गेलेला. पाणी वाळून मीठ उरतं तसा. ती तो पुसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा असायचा.

एका गुरुवारी दुपारी उत्तरेचा वारा सुटला. बिल्डिंगच्या खिडक्या धडाधड आपटू लागल्या. नेजिया आईच्या खोलीत खिडकी लावायला गेली. आई नमाज पढून जानमाजेवरच बसली होती. तसबीह हातात होती, पण बोटं थांबली होती.

मडक्याचं तोंड बंद होतं.

अंगुस्तान, बटणं, चमचा, कुंडीतले खडे. प्रत्येक वस्तू दुसरीत घट्ट बसवलेली, आतून. बाहेरच्या हाताला तसं बसवता आलं नसतं. एका बाजूला बोटभर फट तेवढी राहिली होती.

नेजिया काही बोलायला गेली. आईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती कुजबुजली. "वारा सुटलाय ना. त्याला झोप येत नाहीये."

खिडकी आपटत राहिली. नेजियाला ती लावायचं सुचलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर वेड नव्हतं. नुसती थकलेली माया होती, तान्ह्या बाळाच्या आईच्या तोंडावर असते तशी. आणि एक विनवणी.

नेजिया गुडघ्यांवर बसली. मडक्याजवळ वाकली. रिकाम्या मडक्याला कान लावला की समुद्र ऐकू येतो, हे बेटावरचं पोरगंही जाणतं.

समुद्र ऐकू आला नाही.

तिनं कान आणखी जवळ नेला, फटीला लावला.

तिच्या कानाची पाळी कुणीतरी दोन बोटांत धरली. बोटं ओली होती, आणि गरम.

ती ओरडली नाही. डोळे मिटून तशीच वाकून राहिली. मागे आई अगदी हळू आवाजात पुन्हा तसबीह ओढू लागली. वारा हळूहळू पडला, बाहेर अजान झाली, स्वयंपाकघरात कॉफी उतू जाऊन करपल्याचा वास आला.

पकड सैल होईपर्यंत नेजिया हलली नाही.